पाच दिवस आणि चार रात्री

मातीच्या कपाला कान कधी लावायचा, हे घड्याळ सांगू शकत नाही. चाकावरून नुकताच उतरवलेला कप बोटाच्या दाबानंही बसतो. पुरता सुकलेल्या कपाला कान चिकटतच नाही. या दोन टोकांच्या मध्ये काही तास असे येतात, की कपाची भिंत हाताला थंडगार लागते, बोटाचा ठसा उमटत नाही, पण नख दाबलं तर चंद्रकोरीएवढी खूण उठते. स्टुडिओत याला ‘लेदर-हार्ड’ म्हणतात. माती चामड्यासारखी झाली. कान लावायचा तो तेव्हाच. ही वेळ कोरड्या वाऱ्यात चार तासांत येऊन निघूनही जाते आणि दमट हवेत दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहायला लावते.

एका दिवसाच्या शिबिरात ती गाठता येत नाही. सकाळी कप झाला, संध्याकाळी माणसं घरी गेली. कान मग शिक्षक लावून ठेवतात, नाहीतर कप बिनकानाचा राहतो. आठवड्यातून एकदा भरणाऱ्या वर्गात तोच कप प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सात दिवस ठेवावा लागतो, आणि उघडल्यावर तो चिखल निघतो की करकरीत कोरडा, हे नशिबावर असतं. चार-पाच दिवस तिथंच मुक्कामाला असलेल्या माणसाला मात्र रात्री जेवणानंतर एक चक्कर मारून नखानं भिंत तपासता येते. म्हणून मोठ्यांसाठीच्या छोट्या निवासी कार्यशाळांचं वेळापत्रक हातात आलं, की माझा हिशेब आधी रात्रींचा असतो. माती, खळ, नीळ, ओलं लाकूड यांचं निम्मं काम आपण हात धुऊन बाजूला झाल्यावर चालतं. ज्यानं वेळापत्रक आखताना हे धरलेलं असतं, त्याची कार्यशाळा जमते. ज्यानं नुसते दिवसाचे तास भरलेले असतात, तिथं शेवटच्या दिवशी रडारड ठरलेली.

कानाचंच पुढे पाहू. गाजराच्या आकाराचा मातीचा गोळा एका हातात उलटा धरायचा आणि दुसरा हात सारखा ओला करत, धार काढावी तसा तो खाली ओढत न्यायचा. लांब, चपटी, कडेला किंचित निमुळती पट्टी तयार होते. ही पट्टी लगेच लावली तर लोंबते. अर्धा-पाऊण तास तशीच ठेवली, की वाकवताना तडा जात नाही आणि वाकवलेला बाक टिकतो. मग कपावर दोन जागी आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना सुईनं आडव्यातिडव्या रेघा मारायच्या, त्यावर स्लिप, म्हणजे त्याच मातीची साईसारखी दाट पेज, लावायची आणि जोडावर पट्टी हलकीशी डावी-उजवी हलवत दाबायची. कडेनं स्लिप बाहेर आली, म्हणजे आत हवा राहिलेली नाही.

इथं नवशिक्याला वाटतं, झालं. कान कपाला लागलेला दिसतो. पण कानात पाणी जास्त आहे, कपात कमी. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला दगडासारखी पक्की भाजणारी माती ओली असल्यापासून पक्की भाजेपर्यंत साधारण १२ टक्के आक्रसते, आणि त्यातला निम्म्याच्या आसपासचा भाग नुसत्या सुकण्यातच होतो. १० सेंटिमीटर उंचीचा कप भट्टीतून शेवटी पावणेनऊच्या जवळपास येऊन निघतो. ओला कान कपापेक्षा जास्त आक्रसणार, म्हणजे तो जोडाशी ओढ धरणार, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या जोडाखाली केसाएवढी चीर दिसणार. यावर उपाय एकच. कान लावलेला कप रात्रभर प्लॅस्टिकखाली झाकून ठेवायचा. त्या बंद हवेत कानातलं पाणी कपाकडे सरकतं आणि सकाळपर्यंत दोघांची ओल एक होते. मग प्लॅस्टिक थोडंथोडं उघडायचं, आणि कानाभोवती एक पट्टी तशीच राहू द्यायची, कारण बारीक आणि चहूबाजूंनी उघडा असल्यामुळे कान कपाच्या आधी सुकायला धावतो. चीर पडलीच तर तिच्यात स्लिप भरून ती बुजत नाही. ती भट्टीत पुन्हा तोंड उघडते. कान काढून नवा लावणं बरं.

मातीच्या कार्यशाळांबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज भट्टीच्या बाबतीत असतात, म्हणून हा हिशेब उलटीकडून मांडून पाहावा. समजा पाचव्या दिवशी दुपारी सगळे निघणार. म्हणजे भट्टी सकाळी उघडायला हवी, आणि आतलं तापमान १०० अंशांच्या खाली आलेलं असायला हवं. घाईनं उघडली तर थंड हवेच्या झोतानं भांडी तडकतात. विजेच्या मध्यम भट्टीला पहिल्या भाजणीनंतर, म्हणजे बिस्कनंतर, निवायला एक रात्र आणि बहुतेक सगळा एक दिवस लागतो. चढायला दहा-बारा तास. सुरुवातीला ती ८०-९० अंशांवर बराच वेळ धरून ठेवावी लागते, कारण भिंतीत उरलेलं पाणी उकळलं तर वाफेला वाट मिळत नाही आणि भांडं फुटतं. एक फुटलं की त्याच्या ठिकऱ्या शेजारच्या चारांना नासवतात. ५७३ अंशांच्या आसपास मातीतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं आणि उतरताना त्याच जागी आक्रसतं, तिथं पुन्हा सावकाश जावं लागतं. शेवट साधारण १००० अंशांवर. हे सगळं जमवायचं तर भट्टी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरू व्हायला हवी आणि तोवर भांडी हाडासारखी कोरडी हवीत. म्हणजे चाकावरचं काम फक्त पहिल्या दिवशी, तळ तासणं दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि मग दीड दिवसात सुकवणं. पातळ भिंतीच्या वाट्या यात जेमतेम बसतात. जाड बुडाची फुलदाणी बसत नाही. आणि ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप? त्याची भाजणी अजून व्हायचीच आहे.

तेव्हा ‘पाच दिवसांत मातीच्या गोळ्यापासून चकचकीत कपापर्यंत’ असं कुणी लिहिलेलं असलं, तर विचारावं की ते दोन्ही भाजण्या कशा बसवतात. प्रामाणिक उत्तरं तीन असू शकतात. भांडी नंतर भाजून पाठवतो, हे एक. ग्लेझ शिकायला आधीच बिस्क केलेली भांडी देतो, हे दुसरं, आणि शिकण्याच्या दृष्टीनं हे उत्तम आहे. तिसरं म्हणजे राकू. ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीची भरड, घातलेल्या मातीची तयार बिस्क भांडी ग्लेझ लावून छोट्या गॅसच्या भट्टीत तासाभरात १००० अंशांच्या जवळ न्यायची, लालबुंद असतानाच लांब चिमट्यानं उचलून लाकडाच्या भुशाच्या पिंपात टाकायची आणि झाकण लावायचं. ग्लेझला पडलेल्या बारीक भेगांत धूर शिरतो आणि काळी जाळी उमटते. देखणं काम आहे. मात्र ही भांडी पाणी झिरपवतात आणि खाण्यापिण्याला वापरायची नसतात, हे पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं पाहिजे.

एक गोष्ट मातीचा विषय सोडण्याआधी. संध्याकाळी आवराआवर करताना जमीन कोरड्या झाडूनं झाडू नये. सुक्या मातीच्या धुळीत सिलिका असते, ती डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक उडते, कितीतरी वेळ हवेत राहते आणि फुप्फुसात जाऊन बसते. ओला स्पंज, ओलं फडकं, ओला पोछा. निवासी जागेत लोक त्याच कपड्यांनी जेवायला आणि झोपायला जातात, म्हणून ॲप्रन स्टुडिओच्या दारातच टांगायची शिस्त हवी.

कापड रंगवायच्या निळीची तऱ्हा वेगळी. माती आपली वाट पाहायला लावते, नीळ दमते. निळीचा रंग पाण्यात विरघळतच नाही. तो विरघळावा म्हणून त्याला अल्कधर्मी पाण्यात नेऊन त्याच्यातला ऑक्सिजनचा संबंध तोडावा लागतो, मग तो पिवळसर होऊन पाण्यात उतरतो आणि धाग्यात शिरू शकतो. कार्यशाळेत यासाठी सगळ्यात सुटसुटीत पद्धत १-२-३ ची: वजनानं एक भाग नीळ, दोन भाग विरी गेलेला चुना, तीन भाग फ्रुक्टोज. २० लिटरच्या पिंपाला मध्यम रंगासाठी ६० ग्रॅम नीळ, १२० ग्रॅम चुना आणि १८० ग्रॅम फ्रुक्टोज धरावं. नीळ आधी थोड्या गरम पाण्यात घोटून घोटून भिजवायची, गुठळी राहिली तर ती तळाशी बसून फुकट जाते. पाणी ५० अंशांच्या आसपास. सगळं घालून हलक्या हातानं ढवळायचं, झाकायचं आणि सोडून द्यायचं. काही तासांनी वर तांब्याच्या झाकेची साय येते, मध्ये निळसर फेस जमतो, आणि काचेच्या पेल्यात थोडं पाणी काढून पाहिलं तर ते चहासारखं पिवळट-तपकिरी, पारदर्शक दिसतं. पाणी निळंच दिसत असेल, तर पिंप तयार नाही. मग थोडं फ्रुक्टोज आणि ऊब, आणि पुन्हा थांबणं.

हे पिंप पहिल्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांसमोर लावावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उघडावं. रात्रीत साका खाली बसतो, आणि सकाळी कापड त्या साक्याला न लागता स्वच्छ पाण्यात फिरू शकतं. कापड आदल्या दिवशीच साबण आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तासभर उकळून घेतलेलं असलं पाहिजे. कारखान्यातली खळ, मेण आणि तेल धाग्यावर राहिलं तर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. पिंपात उतरवताना कापड पूर्ण ओलं, पिळून हवा काढलेलं, आणि हात सावकाश. बुडबुडा म्हणजे ऑक्सिजन, आणि ऑक्सिजन म्हणजे पिंपातली नीळ वाया.

पाच-सात मिनिटांनी कापड वर येतं तेव्हा ते निळं नसतंच. पाण्यातून निघालेला काठ पोपटाच्या पिसाइतका हिरवा असतो, मधला भाग अजून पिवळट. हवा लागते तशी हिरवट झाक काठाकडून विझायला लागते, घड्यांच्या वरच्या बाजू मोरपिशी होतात आणि खालच्या तशाच हिरव्या राहतात. घडी उकलली की तिथं पुन्हा सगळं पहिल्यापासून घडतं. पाच-दहा मिनिटांत कापडभर निळं पसरलेलं असतं. सगळी खोली काही क्षण गप्प होते, दर वेळी. याच क्षणाच्या मोहानं लोक गडद रंगासाठी कापड पिंपात जास्त वेळ ठेवतात. त्याचा फारसा उपयोग होत नाही. गडद रंग येतो तो पुन्हापुन्हा बुडवून आणि प्रत्येक वेळी तितकाच वेळ वाऱ्यावर धरून. सहा हलक्या बुडवण्या दोन लांब बुडवण्यांपेक्षा पक्क्या बसतात, त्यांचा रंग हाताला कमी लागतो.

बारा जण एकाच पिंपात सकाळपासून कापडं बुडवत असतील, तर दुपारपर्यंत ते दमतं. प्रत्येक कापड थोडी हवा आत नेतं, थोडी ऊब बाहेर आणतं. रंग राखाडी, फिका पडायला लागतो, सायीची झाक जाते. अशा वेळी आणखी नीळ घालणं ही नेहमीची चूक. पिंपात नीळ आहेच, ती विरघळलेली नाही एवढंच. चिमूटभर चुना, थोडं फ्रुक्टोज, ऊब आणि रात्रभर विश्रांती दिली, की सकाळी ते पुन्हा जिवंत होतं. म्हणून दोन पिंपं हवीत, सकाळचं आणि दुपारचं. रंगवलेलं कापडही लगेच धुवायचं नसतं. ते रात्रभर वाऱ्यावर टांगून पूर्ण पिकू द्यावं, मग पाण्यात किंचित व्हिनेगर घालून चुन्याचा कडकपणा काढावा आणि तेव्हा कुठे साबणाचं धुणं.

पुस्तकबांधणीत रात्र शिकंज्यात जाते. चार कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की सोळा पानांचा एक फर्मा होतो. सहा फर्म्यांचं ९६ पानांचं कोरं पुस्तक पहिल्या बांधणीला पुरेसं आहे. दोरा तागाचा, मेणावरून ओढलेला, आणि लांबी मोजायला सोपी: फर्म्याची उंची गुणिले फर्म्यांची संख्या, वर एका फर्म्याएवढा जास्त. शिवताना दोरा घट्ट करायचा तो पाठीला समांतर, शिवण ज्या दिशेनं चालली आहे त्या दिशेनं. आपल्याकडे किंवा उलट ओढला, की भोक फाटून लांबट होतं, आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. एवढं सांगूनही पहिल्या दिवशी निम्मी भोकं फाटतातच. म्हणून पहिला फर्मा साध्या कागदाचा असावा.

खरा घोळ होतो कागदाच्या ग्रेनमुळे. कारखान्यात कागद बनताना त्याचे तंतू बहुतेक एका दिशेला लागतात. ओल लागली की तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात, त्यामुळे कागद ग्रेनच्या आडव्या दिशेनं पसरतो आणि सुकताना आक्रसतो. पुस्तकातला प्रत्येक कागद, प्रत्येक पुठ्ठा, वरचं कापडसुद्धा, सगळ्यांचा ग्रेन पाठीला समांतर पाहिजे. तपासायला कागद हळूच वाकवून पाहायचा. ज्या बाजूला तो कमी कुरकुर करत वाकतो, त्या घडीच्या दिशेला ग्रेन. पुठ्ठ्यालाही हेच. एका कागदाचा जरी ग्रेन आडवा गेला, तरी पुस्तक दुसऱ्या दिवशी केळीच्या पानासारखं वळलेलं निघतं, आणि शिकणारा खळीला दोष देत बसतो.

पुठ्ठा दोन मिलिमीटरचा, पानांपेक्षा तीन बाजूंनी तीन मिलिमीटर मोठा, आणि पाठीशी सात-आठ मिलिमीटरची फट, तिथूनच पुस्तक उघडतं. शेवटी आतला कागद पुठ्ठ्याला चिकटवायचा असतो. पीव्हीए, म्हणजे पांढरा कृत्रिम गोंद मिनिटभरात पकडतो, चूक सुधारायला वेळ देत नाही. गव्हाच्या पिठाची खळ वेळ देते पण पाणी फार सोडते. नवशिक्या हातांना दोन्ही मिसळून द्यावं. कागदाखाली रद्दीचा तुकडा सरकवून मधून कडेकडे खळ लावायची, तुकडा काढायचा, पुठ्ठा मिटायचा, मधे मेणकागद घालायचा, शिकंज्यात ठेवायचं. आणि उघडून पाहायचं नाही. सगळं पुस्तक या एका संयमावर उभं असतं. ओला कागद ताणलेला असतो. उघडलं की बिजागरीच्या फटीत तो सुरकुततो आणि ती सुरकुती कायमची. पुस्तक सकाळपर्यंत दाबाखाली राहिलं, की कागद सुकताना पुठ्ठ्याला आतून ओढतो, बाहेरच्या कापडानं त्याला आधीच बाहेर ओढलेलं असतं, आणि दोन ओढींच्या मध्ये पुठ्ठा सपाट होतो. ही रात्र वगळून दुपारी चिकटवून संध्याकाळी हातात दिलेलं पुस्तक घरी पोचेपर्यंत वळतं.

लाकडाचा चमचा कोरणाऱ्यांनाही हाच न्याय. काम ओल्या लाकडातच सुरू होतं, कारण ओलं लाकूड सुरीखाली लोण्यासारखं निघतं. २५ सेंटिमीटरचा ओंडका चिरून अर्धा करायचा, करवतीनं नव्हे, कुऱ्हाडीनं फोडून, म्हणजे फट रेषेबरोबर जाते, आणि मधला गाभा काढून टाकायचा. लाकूड वलयांच्या दिशेनं जितकं आक्रसतं, त्याच्या निम्म्यानंच गाभ्याकडून सालीकडे आक्रसतं. गाभा आत राहिला, की ही ओढाताण त्याच्याभोवतीच होते आणि चीर तिथून निघते. पहिल्या दिवशी चमचा सगळीकडे सारख्या जाडीचा काढून ठेवावा. एक सेंटिमीटरचं तोंड आणि तीन सेंटिमीटरचा दांडा असं अर्धवट सोडलं, तर पातळ भाग आधी सुकतो आणि जोडाशी फाटतं. रात्री चमचा त्याच्याच ओल्या ढलप्यांत, कागदी पिशवीत. दोन रात्रींनी तो कोरडा होत येतो, आणि शेवटचे पातळ काप तेव्हा घ्यायचे. कोरड्या लाकडावर धारदार सुरीनं घेतलेला काप काचेसारखा चमकतो, त्याला पॉलिश पेपर लागत नाही. वर जवसाचं तेल. तेलाची फडकी मात्र चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल सुकताना तापतं, आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती उघड्यावर पसरून सुकवायची किंवा पाण्यात बुडवून ठेवायची. झोपलेली माणसं भरलेल्या इमारतीत ही गोष्ट दारावर लिहून लावण्याच्या लायकीची आहे. तसाच दुसरा नियम: जेवणानंतर सुरी हातात घ्यायची नाही. दमलेल्या अंगठ्याला सुरीची दिशा कळत नाही.

काही कलांत रात्रीचं काम लोक यायच्या आधीच उरकलेलं असावं लागतं. विलो या झाडाच्या सालीसकट वाळवलेल्या काड्या टोपलीसाठी भिजवायच्या तर फुटाला साधारण एक दिवस धरतात. पाच फुटी काडीला पाच दिवस, वर एक रात्र ओल्या कापडात गुंडाळून मुरवण्याची. पहिल्या दिवशी भिजवायला घातल्या तर टोपली निघायच्या दिवशी सुरू होणार. फार भिजल्या तर साल सुटते. हातमागावर साधी शाल विणायची, पन्नास सेंटिमीटर रुंद, सेंटिमीटरला पाच धागे, तर ताण्याचे, म्हणजे उभे, २५० धागे. दोन मीटरच्या शालीला मागावरची वाया जाणारी लांबी धरून प्रत्येक धागा २.७ मीटर, म्हणजे ६७५ मीटर सूत आधी मोजून, क्रमानं, मागावर चढवायचं. सवय नसलेल्या हाताला यात दीड-दोन दिवस जातात. तीन दिवसांच्या कार्यशाळेत माग ताणा चढवून तयार द्यावा आणि तसं सरळ सांगावं. धोटा हातात घेऊन बाण्याचे, म्हणजे आडव्या धाग्यांचे, रंग खेळवणं तीन दिवसांत शिकता येतं. ताणा चढवणं शिकायला वेगळी कार्यशाळा हवी, आणि ती कंटाळवाणी नसते.

एकत्र राहून शिकायची ही रीत जुनी आहे. डेन्मार्कमध्ये ग्रुंडविग या पाद्री-विचारवंताच्या विचारांतून १८४४ मध्ये रोडिंगला पहिली लोकशाळा निघाली. परीक्षा नाही, पदवी नाही, प्रौढ वयाची माणसं एका छताखाली राहून, जेवून, गाऊन, बोलून शिकायची. अशा शाळा पाहून आलेल्या ऑलिव्ह डेम कॅम्पबेल यांनी मार्गरिट बटलर यांच्याबरोबर १९२५ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्रासटाउनला शाळा काढली. तिथं आजही आठवडाभराचे हस्तकलेचे वर्ग गुणांशिवाय, स्पर्धेशिवाय चालतात. इंग्लंडमध्ये वेस्ट डीनला कलासंग्राहक एडवर्ड जेम्स यांच्या जुन्या वाड्यात १९७१ पासून कला-हस्तकलांचे छोटे निवासी अभ्यासक्रम आहेत. गुण नसणं ही यातली मोलाची गोष्ट. मोठ्या माणसाचा डोळा आयुष्यभर चांगल्या वस्तू पाहून तयार झालेला असतो, हात मात्र त्या कामात आजच जन्मलेला असतो. डोळा हाताला सारखा नापास करत राहतो. त्यात बाहेरून आणखी कुणी गुण देऊ नयेत.

या हाताचंही काम रात्रीच होतं. चाकावर गोळा मधोमध आणणं, सेंटरिंग, पहिल्या दिवशी बहुतेकांना जमत नाही. कोपर मांडीला टेकलेलं नसतं, हात गोळ्याच्या मागे धावत राहतात, गोळा त्यांना हलवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच माणसाच्या हाताखाली तोच गोळा दहा मिनिटांत स्थिर होतो, आणि मधल्या वेळात त्यानं फक्त झोप काढलेली असते. नव्यानं शिकलेली हालचाल झोपेनंतर जास्त अचूक होते, हे बोटांच्या हालचालींवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणून संध्याकाळी रडकुंडीला येईपर्यंत बसवू नये. एक बऱ्यापैकी गोळा जमला की उठवावं. तिसऱ्या दिवशी अंगठ्याचं मूळ, मनगट आणि पाठ बोलायला लागतात, नवेपणा ओसरतो, आणि आदल्या दिवशी जमलेलं हातून सुटतं. त्या दुपारी मी तरी नवं काही शिकवू नये असंच म्हणेन. ग्लेझच्या चाचणीच्या पट्ट्या कराव्यात, ग्रेन तपासावा, एकमेकांची कामं हातात घेऊन पाहावीत.

शिकवणाऱ्यांसाठी एक छोटीशी गोष्ट. प्रात्यक्षिक समोर बसवून दाखवू नका. समोरून सगळं आरशासारखं उलटं दिसतं, आणि डावा हात कुठं होता हे जागेवर गेल्यावर आठवत नाही. लोकांना आपल्या खांद्यामागे उभं करा, पंधरा-वीस मिनिटांत थांबा, आणि तासाभरानं तेच पुन्हा दाखवा. दुसऱ्यांदा पाहणारे डोळे वेगळे असतात, तोवर त्यांच्या हातांनी चूक केलेली असते. एका शिक्षकाला आठ-दहा जण पुष्कळ, आणि चाक प्रत्येकाला स्वतःचं. दोघांत एक चाक म्हणजे निम्मा वेळ दुसऱ्याच्या पाठीकडे पाहणं.

नाव नोंदवण्याआधी मी एकच प्रश्न नक्की विचारायला सांगेन: रात्री स्टुडिओ किती वाजेपर्यंत उघडा असतो, आणि तिथं तेव्हा जाणतं कुणी असतं का? संध्याकाळी सहाला कुलूप लागत असेल, तर मुक्काम नुसता झोपण्यापुरता आहे. दुसरा विचारायचाच असेल तर किती तंत्रं शिकवणार, हा. पाच दिवसांत चार कलांची ओळख असलेल्या कार्यशाळेतून माणूस चार अर्धवट वस्तू आणि एकही सवय न घेता परततो.

निघायच्या दिवशी बांधाबांधीला दोन तास ठेवावेत, अर्धा नाही. कच्चं मातीचं भांडं कानाला धरून उचलू नये, तळाला हात घालून उचलावं, आणि डब्यात सगळ्या बाजूंनी मऊ कागदात गच्च बसवावं. हलायला जागा राहिली की कान गेला. निळं कापड वेगळ्या पिशवीत, कारण पहिली दोन-तीन धुणी ते रंग सोडतंच. चमचा कागदी पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये नको, बुरशी धरते. घरी गेल्यावर दोन आठवडे उन्हापासून आणि पंख्यापासून दूर. पुस्तक दोन फळ्यांच्या मध्ये, वर चार जड पुस्तकांचं वजन ठेवून, आणखी आठवडाभर. खळीतली ओल हाताला लागेनाशी झाल्यावरही पुठ्ठ्याच्या आत बरेच दिवस राहते.